दोन घरांत राहिलेले कागद

शिवाजी महाराजांचा जन्म कधी झाला, याचे जे उत्तर आज शाळेतले मूलही देते, त्याच्या मुळाशी एका कुटुंबाचे दप्तर आहे. भोर तालुक्यातल्या कारी गावच्या जेधे देशमुखांकडे जुन्या कागदांत एक शकावली होती. शके १५४० पासून पुढच्या जवळजवळ ऐंशी वर्षांत काय काय घडले, त्याच्या साल-तिथीवार त्रोटक नोंदी तिच्यात होत्या. ती लोकमान्य टिळकांच्या हाती आली आणि १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळाच्या संमेलनवृत्तात त्यांनी ती छापली. तोवर महाराजांचा जन्म शके १५४९ मधला, म्हणजे १६२७ सालचा, असे बहुतेक जण धरून चालले होते. जेध्यांच्या शकावलीत मात्र शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी तिथी होती. इंग्रजी तारखेने १९ फेब्रुवारी १६३०. पुढे तंजावरच्या ग्रंथसंग्रहात सापडलेल्या परमानंदाच्या 'शिवभारता'त तीच तिथी निघाली, जोधपूरला मिळालेल्या कुंडलीनेही तिला दुजोरा दिला. बरीच वर्षे वाद झडल्यावर महाराष्ट्र शासनाने तीच तारीख मानली.

जेध्यांच्या घरात ही शकावली कोणी इतिहाससंशोधकांची सोय म्हणून जपली नव्हती. त्यांना स्वतःच्या घराण्याची हकीकत राखायची होती. त्यांच्याच दप्तरातला 'जेधे करीना' वाचला की हे लगेच कळते. अफझलखान चालून आला तेव्हा कान्होजी जेधे पाच मुलांना घेऊन महाराजांपुढे उभे राहिले आणि वतनावर पाणी सोडायलाही तयार झाले, हा प्रसंग करीन्यात येतो तो घराण्याची सेवा आणि घराण्याचा हक्क सांगण्यासाठी. देशाच्या इतिहासातला एवढा मोठा प्रसंग आपल्याला एका कुटुंबाने स्वतःविषयी लिहून ठेवलेल्या कागदातून मिळाला आहे.

महाराष्ट्रात घरोघर कागद जपले गेले ते मुख्यतः वतनापायी. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी, देशपांडेपण, जोशीपण, इनाम जमीन या सगळ्यांचा हक्क वंशाने चालत असे. दोन भावांच्या शाखांत भांडण लागले की मूळपुरुषापासून खाली कोण कोणाचा मुलगा, हे गोतसभेपुढे नाहीतर सरकारात मांडावे लागे. मग करीना लिहिला जाई, कैफियत दिली जाई, निवाड्याचा महजर होई आणि त्या सगळ्याच्या नकला रुमालात बांधून माळ्यावर जात. वंशावळ ही तेव्हा हौसेची गोष्ट नव्हती, तो पुरावा होता. म्हणूनच जुनी वंशावळ वाचताना ती कोणत्या भांडणात, कोणी, कोणाविरुद्ध लिहिली हे आधी पाहावे. हक्क सांगणाऱ्याने आपली शाखा थोरली दाखवली असण्याची शक्यता असते आणि प्रतिपक्षाच्या शाखेत एखादा पुरुष गळलेला असू शकतो.

मग एवढे जपलेले कागद गेले कुठे? १८५२ साली इंग्रजांनी इनाम कमिशन नेमले. इनामदारांनी आपापल्या सनदा आणि दाखले पुढे करायचे होते आणि ज्यांचे दाखले पटले नाहीत त्यांची इनामे गेली. त्या धसक्याने घराघरांतले रुमाल आणखी आत गेले. परक्या माणसाला कागद दाखवायचा नाही, ही सवय तेव्हापासून पक्की झाली आणि पुढे दोन पिढ्यांनी वि. का. राजवाडे गावोगाव कागद शोधत हिंडले तेव्हा त्यांना तिचाच सामना करावा लागला. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ साली निघाला, असे बावीस खंड झाले. मिरजेला संस्कृतचे शिक्षक असलेल्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंड काढले, साताऱ्याच्या द. ब. पारसनिसांनी मेणवलीचे नाना फडणविसांचे दप्तर उजेडात आणले. या माणसांच्या कष्टांचे मोल मोजता येत नाही. पण त्यांना हवे होते राजकारणाचे कागद. लढाईचा मजकूर असलेले पत्र छापले गेले. सासरी गेलेल्या मुलीच्या पहिल्या बाळंतपणाचे पत्र पुन्हा रुमालात गेले.

विसाव्या शतकाच्या मध्याला दोन गोष्टी लागोपाठ झाल्या. १९५० च्या कायद्याने मुंबई राज्यातली परगणे आणि कुलकर्ण वतने संपली, त्यामुळे ज्या कारणासाठी कागद जपले ते कारणच उरले नाही. त्याच सुमारास सरकारी कामकाजातून मोडी लिपीही गेली आणि पुढच्या पिढीला आजोबांचे अक्षर वाचता येईना. उपयोग नाही आणि वाचताही येत नाही, अशा कागदाचे जे होते तेच झाले. वाडे पडले, वाटण्या झाल्या, पोती रद्दीत गेली. १९४८ साली गांधीहत्येनंतर झालेल्या जाळपोळीत पश्चिम महाराष्ट्रातले कितीतरी वाडे दप्तरासकट जळाले. १२ जुलै १९६१ ला पानशेतचे धरण फुटले तेव्हा पुण्यात नदीकाठच्या पेठांमधल्या घरांत पाणी शिरले आणि तळमजल्यावरचे सगळे चिखलात गेले. धरणांखाली गावे गेली, माणसे ट्रकमध्ये भांडीकुंडी घालून निघाली. कागदांची पेटी अशा वेळी शेवटी आठवते.

या सगळ्या पडझडीतून काय वाचले, हे पाहिले तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. जे एकाच घरात होते ते बहुतेक गेले. ज्याची नक्कल दुसरीकडे होती, ते राहिले.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तर हिंदुस्थानात गेले होते, झाशीच्या धामधुमीत सापडले आणि हाल सोसून परत आले. ती हकीकत त्यांनी उतारवयात लिहून ठेवली, ती चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून. वैद्यांनी ती १९०७ साली 'माझा प्रवास' म्हणून छापली, पण आपल्या पद्धतीने फेरफार करून. मूळ हस्तलिखित १९२२ साली भारत इतिहास संशोधक मंडळात आले, म्हणूनच दत्तो वामन पोतदारांना १९६६ साली गोडसे भटजींचा खरा मजकूर लोकांपुढे ठेवता आला. हस्तलिखित घरच्या माळ्यावर राहिले असते, तर भटजी म्हणून आपण वैद्यांचीच भाषा वाचत बसलो असतो.

दुसरा दाखला पहिल्या महायुद्धातला. फ्रान्सच्या आघाडीवर गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रे लष्कराचे सेन्सॉर उघडून वाचत. त्यांत मराठी जवानांचीही पत्रे होती. निवडक पत्रांचे इंग्रजी उतारे करून ते अहवालात जोडले जात. ते अहवाल आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. पत्रे पुढे आपापल्या गावी गेली, कोणाकडून तरी वाचून घेतली गेली आणि काळाच्या ओघात बहुतेक नाहीशी झाली. ज्या आईने ते पत्र छातीशी धरले तिच्या घरी काही उरले नाही. संशयाने उघडून पाहणाऱ्याच्या कपाटात मात्र नक्कल राहिली. हे दुःखद आहे, पण शिकण्यासारखे आहे.

आता पत्र आणि वंशावळ यांचे नाते पाहू. वंशावळ नावे देते आणि नात्याची रेघ देते. त्या रेघेवर माणसे कशी जगली हे पत्र सांगते. दोन्ही समोरासमोर ठेवल्याशिवाय एकाचाही पुरता उलगडा होत नाही.

समजा, एका वंशावळीत तीन भाऊ आहेत. मधल्याच्या नावापुढे 'निर्वंश' एवढेच लिहिले आहे. कुलवृत्तांत छापला गेला असेल तर त्यातही तेवढेच. आणि समजा, दुसऱ्या शाखेच्या घरी तारेला टोचून ठेवलेल्या पत्रांत एक कार्ड निघते. ही तार ज्यांनी पाहिली आहे त्यांना ठाऊक आहे: लाकडी चकतीवर उभी केलेली वाकडी तार, आलेले पत्र वाचून झाले की तिच्यात खुपसायचे. म्हणून जुन्या कार्डांच्या बरोबर मध्ये भोक असते. हे कार्ड पाव आण्याचे, पंचम जॉर्जच्या छापाचे. वर 'श्री', उजव्या कोपऱ्यात आश्विन वद्य ५, शके १८४०. त्यावरून इंग्रजी साल काढायचे तर शकात ७८ मिळवायचे, जानेवारीपासून शकाच्या अखेरपर्यंतच्या तिथींना ७९. आले १९१८, ऑक्टोबरची अखेर. पोस्टाचा गोल शिक्का पुसट असला तरी त्यातले गाव वाचता येते. मजकूर असा असेल: गावात मानमोडीने कहर केला आहे, अण्णाचे घर बसले, धाकटी दोन्ही मुले आधी गेली, वहिनीस माहेरी पोचवले आहे, तुम्ही इकडे येण्याची घाई करू नये, भात कापायला माणूस मिळत नाही.

मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. त्या एका कार्डाने 'निर्वंश' या शब्दामागे चार माणसे उभी राहिली. त्यांतली एक तर जिवंत होती: माहेरी पोचवलेली वहिनी. वंशावळीत ती नाही, कारण तिच्यापुढे रेघ गेली नाही. तिचे पुढे काय झाले हे शोधायचे असेल तर आता तिच्या माहेरच्या घराचे कागद पाहायला हवेत. एका कुटुंबाचा इतिहास असा दुसऱ्या कुटुंबाच्या पेटीत असतो आणि बायकांचा तर बहुतेक वेळा तिथेच असतो.

बायकांची नोंद हे आपल्या वंशावळींचे सगळ्यात मोठे उणे आहे, असे माझे मत आहे. गेल्या शतकात कोकणस्थ आणि इतर घराण्यांचे शेकडो पानांचे कुलवृत्तांत निघाले. शिकागो विद्यापीठातल्या मॉरीन पॅटरसन यांना १९६८ साली त्यांच्यावर स्वतंत्र अभ्यासलेख लिहावासा वाटला इतके ते साधन मोलाचे आहे, कारण त्यांतून कोण कोकणातून घाटावर कधी आले, कोण कोणत्या संस्थानात नोकरीला गेले, शिकले किती, हे पिढ्यान्‌पिढ्या पाहता येते. या पुस्तकांसाठी पत्रके पाठवून, गावोगाव फिरून माहिती जमवणाऱ्या लोकांविषयी मला मनापासून आदर आहे. पण जुन्या पुस्तकांत सून येते ती माहेरच्या आडनावापुरती आणि लेक लग्न होताच पानावरून उतरते. तिची मुले दुसऱ्या पुस्तकात. पत्रांत तसे होत नाही. पत्रात मावशी, आत्या, वन्सं, माहेरवाशीण सगळ्या हजर असतात, त्यांची दुखणी आणि त्यांची मतेही. डॉ. आनंदीबाई जोशींचे चरित्र काशीबाई कानिटकरांना लिहिता आले ते मुख्यतः पत्रांच्या आधारावर. फिलाडेल्फियाहून आनंदीबाईंनी गोपाळरावांना लिहिलेली पत्रे उरली नसती, तर पहिली स्त्री डॉक्टर एवढे बिरुद राहिले असते आणि बाई हरवली असती.

जुने पत्र वाचण्याची एक रीत आहे. मायना कधीही सोडून देऊ नये. 'ती.' म्हणजे लिहिणारा वयाने किंवा नात्याने लहान, 'चि.' म्हणजे मोठा, 'रा. रा.' म्हणजे बरोबरीचा किंवा परका. नमस्कार आहे की आशीर्वाद, यावरून दोघांतले नाते ठरते, नाव दिलेले नसले तरी. १९१० च्या पत्रात 'सौ. काकूस' आणि १९१३ च्या पत्रात 'गं. भा. काकूस' असेल, तर काकांचा मृत्यू या तीन वर्षांतला, हे कोणी सांगावे लागत नाही. मृत्यूचे पत्र स्वतः क्वचितच मिळते. कोपरा फाडलेले ते कार्ड वाचले की लगेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, अशी रीत होती. त्यामुळे मृत्यू असा आडून, मायन्यातून शोधावा लागतो. मंगलपत्रांना हळदकुंकवाची बोटे लागलेली असल्यामुळे ती मात्र देव्हाऱ्याजवळच्या डब्यात टिकून असतात.

नावांनी फार चकवा बसतो. थोरल्या नातवाला आजोबांचे नाव ठेवायचे, म्हणून गणेश रामचंद्र, रामचंद्र गणेश, पुन्हा गणेश रामचंद्र अशी साखळी चालते आणि आजोबांचे पत्र खापरपणजोबांच्या नावावर जाते. पत्राखाली सही असते ती 'तात्या' किंवा 'बापू'. प्रत्येक पिढीत एक तात्या असतो. दत्तक गेलेल्या मुलाच्या वडिलांचे नाव बदलते, क्वचित आडनावही, आणि एकच माणूस दोन वंशावळींत दोन बापांच्या खाली सापडतो. आडनावाचेही तसेच. मूळ आडनाव एक, गावचे कुलकर्ण मिळाले म्हणून कुलकर्णी, पुढे बडोद्याला किंवा इंदूरला गेल्यावर गावावरून तिसरेच. अशा वेळी गोत्र, कुलदैवत आणि मूळ गाव या तीन गोष्टी जुळतात का ते पाहावे. माणूस आडनाव बदलतो, कुलदैवताला जाणे सहसा सोडत नाही.

अठराव्या शतकातल्या कागदावर शक नसून सुहूर सन असतो, तोही अक्षरांत. 'इसन्ने सितैन मया व अलफ' म्हणजे दोन, साठ, शंभर आणि हजार: ११६२. त्यात ५९९ मिळवले की १७६१, म्हणजे पानिपतानंतर काही महिन्यांनी मृगाला सुरू झालेले वर्ष. जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना ६०० मिळवायचे. हे एकदा हाताला लागले की पहिला कागद लावतानाचा आनंद विसरता येत नाही.

घरातले सगळे गेले असेल, तर कुटुंबाबाहेर कोणाकडे आपली नोंद आहे हे शोधायचे. पहिले ठिकाण तीर्थोपाध्यायांचे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग, गया, हरिद्वार इथल्या उपाध्यायांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. यात्रेकरू आला की त्याने आपले नाव, बापाचे, आज्याचे, भावांचे, मुलांचे नाव आणि गाव लिहून खाली सही करायची. लिहिता येत नसेल तर उपाध्यायांनी लिहायचे. वह्या गाव, जात आणि आडनाव यांवर लावलेल्या असतात, म्हणून जाताना मूळ गाव पक्के माहीत हवे. पणजोबांचे स्वतःचे हस्ताक्षर पाहायला मिळेल अशी ही बहुधा शेवटची जागा. अमेरिकेतल्या यूटा राज्यातल्या वंशावळ संस्थेने १९७० च्या दशकापासून हरिद्वारसारख्या ठिकाणच्या वह्यांचे मायक्रोफिल्मिंग केले आहे.

दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात. कोल्हापूर, सांगली, सोलापूरकडच्या आणि सीमेपलीकडच्या बेळगाव भागातल्या कितीतरी शेतकरी घरांची वंशावळ कुटुंबाकडे नाही, ती हेळव्याकडे आहे. तो ठरावीक वर्षांनी दारात येतो, मूळपुरुषापासून आजच्या पोरापर्यंत नावे म्हणून दाखवतो, नवे जन्म लिहून घेतो आणि धान्य-पैसा घेऊन पुढच्या घरी जातो. त्याला भिक्षेकरी समजून दारातून वाटेला लावणारी नवी घरे स्वतःचेच दप्तर परत पाठवत असतात.

गोव्यात तऱ्हा वेगळी. गावकारीची वांगडे, म्हणजे घराण्यांचे गट, ठरलेली असल्यामुळे गावकाराचा मुलगा गावकार म्हणून नोंदला जाई. ख्रिस्ती घराण्यांचे बाप्तिस्मे चर्चच्या वह्यांत लिहिलेले असत. पणजीचे पुराभिलेखागार १५९५ पासूनचे, देशातल्या सर्वांत जुन्या अभिलेखागारांपैकी. आज पोर्तुगीज नागरिकत्वासाठी आजोबांचा जन्मदाखला शोधणारे तरुण तिथे चकरा मारतात आणि दाखल्याच्या निमित्ताने आजोबा सापडतात. समुद्रापार मॉरिशसला १८३४ पासून गिरमिटावर मजूर गेले, त्यांत रत्नागिरीकडची मराठी माणसे होती. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत त्यांची रजिस्टरे आहेत. त्यांत क्रमांक, बापाचे नाव, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, जहाज असे सगळे आहे, आणि पुढच्या काळात छायाचित्रसुद्धा. कारकुनाने गावाचे नाव कानाला आले तसे इंग्रजीत लिहिले, म्हणून कोकणातले मूळ गाव ओळखायला इथल्याच माणसाची मदत लागते. तंजावरच्या सरफोजी राजांनी तर भोसले कुळाचा इतिहास १८०३ साली बृहदीश्वराच्या देवळात मराठीतून दगडावर कोरवून घेतला.

सगळ्यांना दगड मिळत नाही, आणि सगळ्यांना कागदही मिळाला नाही. ज्यांना अक्षरच शिकू दिले नाही त्यांच्या घरात जुनी पत्रे कुठून असणार? त्यांचा शोध वेगळ्या कागदांत घ्यावा लागतो: गावचे कोतवाल बुक, शाळेचे दाखल-खारीज रजिस्टर, जमिनीचे पाहणीपत्रक, पलटणीची कागदपत्रे. कोतवाल बुकात जन्म-मृत्यूची नोंद प्रत्येक जातीची आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती कुणबी नोंदी शोधायला बसली, तेव्हा हीच रजिस्टरे तहसिलांच्या कोठड्यांतून बाहेर आली आणि मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी किती मागणी आहे हे सगळ्या महाराष्ट्राने पाहिले. ओव्यांनाही मी कागदपत्रांइतकेच मानतो. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी सुरू केलेल्या जात्यावरच्या ओव्यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. त्यांत भावाचे गाव, बापाचे शेत, सासूचा स्वभाव आहे, आणि बऱ्याच ओव्यांत बाईने आपल्या माणसांची नावे गुंफली आहेत. आजी अजून असेल, तर तिचा आवाज फोनवर ध्वनिमुद्रित करणे हे आजचे दप्तराचे काम आहे.

आता घरात पेटी आहे त्यांच्यासाठी. उघडल्यावर लगेच आवराआवर करू नका. कोणत्या रुमालात काय होते, कशाला काय जोडलेले होते, याचा आधी फोटो घ्या, कारण एकत्र बांधलेले कागद बहुधा एकाच प्रकरणाचे असतात. पाकिटे टाकू नका, तारीख आणि पत्ता त्यांच्यावरच असतो. गंजलेल्या टाचण्या हलक्या हाताने काढा. फाटलेल्या जागी सेलोटेप लावू नका, तो काही वर्षांत पिवळा पडून कागद खातो. लॅमिनेशन तर कधीच करू नका, ते पुन्हा निघत नाही. जुना जुन्नरी, दौलताबादी हातकागद आणि काजळाची शाई दोनशे वर्षे सहज टिकली आहेत. जास्त भीती विसाव्या शतकातल्या स्वस्त कारखानी कागदाची आणि निळ्या शाईची आहे, म्हणून स्कॅनिंग तिथून सुरू करा. कागदावर काही लिहायचेच तर पेन्सिलीने, कोपऱ्यात. कोकणात ओल, देशावर वाळवी, कसर दोन्हीकडे. सुती रुमाल, वेखंडाची पुरचुंडी आणि वर्षातून एकदा उघडून पाहणे ही आजोबांची पद्धत आजही चालते. उन्हात मात्र वाळवू नये.

मोडी वाचून घेताना अक्षरशः लिप्यंतर मागा, सारांश नको. जिथे शब्द लागला नाही तिथे प्रश्नचिन्ह राहू द्या. कुळाला शोभेल अशी भर घालण्याचा मोह फार मोठा असतो आणि एकदा छापलेली चूक पुढची सगळी नातवंडे उतरवून घेतात. पत्रांत कर्ज, भाऊबंदकी, वेड, पळून गेलेली मुलगी हेही निघते. ज्यांच्याविषयी लिहिले आहे ते किंवा त्यांची मुले हयात असतील तर त्यांना विचारल्याशिवाय ते पान सगळ्यांना पाठवू नये. पण फाडूही नये. बंद पाकिटात, वर तारीख घालून, ठेवता येते.

आणि सगळ्यात महत्त्वाचे: एका घरात ठेवू नका. भाऊबंदकीत कागदांचीही भाऊबंदकी होते, थोरल्याच्या घरची पेटी धाकट्याला दिसत नाही. मूळ कागद कोणाकडेही राहोत, प्रती सगळ्या शाखांत जाऊ द्या, लेकींच्या घरीसुद्धा. सांभाळणे जमणार नसेल तर भारत इतिहास संशोधक मंडळासारख्या संस्थेशी बोला. १९१० साली राजवाडे आणि खंडेराव चिंतामण मेहेंदळे यांनी ते उभारले आणि तिथे आलेली अनेक दप्तरे लोकांनी आपल्या घरांतून आणून दिलेली आहेत. मंडळ आणि राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्गही घेतात. कुटुंबातल्या एकाने तरी तो वर्ग या वर्षी करावा. घरात ज्यांना तात्या कोण, अण्णा कोण हे अजून सांगता येते, त्यांचे वय आज ऐंशीच्या पुढे आहे. पेटी त्यांच्यासमोर उघडा आणि ते सांगतील ते लिहून घ्या.